‘प्रश्न उद्भवत नाही’: सभागृहातला प्रश्न कुठे फसतो

अधिवेशन संपलं की नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून एक तक्रार हमखास येते: आमच्या आमदारांनी प्रश्न टाकला होता, सरकारनं उडवून लावला. छापील यादी काढून पाहावी तर उत्तर दोन ओळींचं. ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ मंत्री खोटं बोलले म्हणून विषय सोडून दिला जातो. कधी तसं असतंही. पण त्याच पानावरचा प्रश्न नीट वाचला तर बऱ्याचदा दिसतं, की असं उत्तर देण्याची सोय मसुद्यातच करून ठेवलेली होती.

विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘सन्माननीय पणन मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग पहिला भाग: अमुक बाब अमुक महिन्यात वा त्यादरम्यान निदर्शनास आली आहे, हे खरे आहे काय. दुसरा: असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. तिसरा: चौकशीनुसार कोणती कारवाई केली. चौथा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. यातला ‘असल्यास’ फार महागात पडतो. पुढचे सगळे भाग पहिल्या भागाला बांधलेले असतात. पहिल्याला ‘नाही’ म्हटलं की बाकीचे आपोआप गळतात, आणि नियमानुसार ते उत्तर पूर्ण ठरतं.

एक उदाहरण जवळून बघू. २०२३ मध्ये राज्य सरकारनं १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं, प्रत्येक शेतकऱ्याला २०० क्विंटलच्या मर्यादेत. सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणीची नोंद नाही म्हणून अनेकांचे अर्ज अडकले. यावर सहज सुचणारा प्रश्न असा:

‘नाशिक जिल्ह्यातील हजारो कांदा उत्पादकांना अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे अनुदानापासून वंचित ठेवण्यात आले, हे खरे आहे काय?’

या एका वाक्यात तीन दावे आहेत: ‘हजारो’, ‘हलगर्जीपणामुळे’ आणि ‘वंचित ठेवण्यात आले’. मंत्रालयातल्या कार्यासनाला यातला एकच नाकारता आला तरी पुरतं. हलगर्जीपणा तर कुणीच मान्य करणार नाही. फार झालं तर ‘हे अंशतः खरे आहे’ असं येईल, आणि कुठला अंश खरा ते कळणार नाही. आता हाच विषय असा मांडून बघा:

‘(१) दिनांक १ फेब्रुवारी ते ३१ मार्च, २०२३ या कालावधीत विक्री झालेल्या कांद्यासाठीच्या अनुदानाकरिता नाशिक जिल्ह्यात बाजार समितीनिहाय किती अर्ज प्राप्त झाले, (२) त्यापैकी पात्र व अपात्र अर्जांची संख्या किती, (३) अपात्र अर्जांपैकी केवळ ई-पीक पाहणीची नोंद नसल्याच्या कारणावरून अपात्र ठरलेले अर्ज किती, (४) त्यापैकी प्रत्यक्ष पडताळणीनंतर पात्र ठरविलेले किती, व उर्वरित अर्जांबाबत निर्णय कोणत्या दिनांकास व कोणत्या स्तरावर घेण्यात आला?’

यात आरोप नाही, विशेषण नाही, आणि एकही भाग ‘असल्यास’वर लटकलेला नाही. अर्ज बाजार समितीत घेतलेले होते, म्हणजे बाजार समितीनिहाय आकडा कागदावर असणारच. उत्तर टाळायचं तर उघडपणे टाळावं लागेल. तिसऱ्या भागातला ‘केवळ’ मुद्दाम घातलेला आहे. तो नसेल तर चार-पाच कारणांनी बाद झालेले अर्ज एकाच आकड्यात मिसळून येतात.

सभागृहात आवाज किती चढला, यापेक्षा हा मसुदा जास्त काम करतो. मंत्र्याला खिंडीत पकडायचं तर ते काम अधिवेशनाच्या आधी, टेबलावर बसून होतं.

लोकांचं दुसरं चुकतं ते खात्यात. कांदा म्हटला की निवेदन कृषिमंत्र्यांच्या नावे लिहिलं जातं. पण दिल्लीत कांदा एका खात्याकडे नाहीच. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य हे वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून येतं. डिसेंबर २०२३ ची बंदी आणि मे २०२४ मध्ये ती उठवताना लावलेलं टनाला ५५० डॉलरचं किमान मूल्य, दोन्ही तिथलेच निर्णय. ऑगस्ट २०२३ मध्ये लागलेलं ४० टक्के निर्यात शुल्क मात्र अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून उठलं, तेही त्याच विभागाच्या अधिसूचनेनं. नाफेड आणि एनसीसीएफ जी बफरची खरेदी करतात ती किंमत स्थिरीकरण निधीतून, म्हणजे ग्राहक व्यवहार विभागाची. लागवडीचं क्षेत्र आणि उत्पादनाचे अंदाज तेवढे कृषी मंत्रालयाकडे. लासलगावच्या कांदा विकिरण केंद्राबद्दल विचारायचं असेल तर अणुऊर्जा विभाग, म्हणजे थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतलं खातं. आणि बाजार समितीतली तोलाई, हमाली, लिलाव बंद पडणं, व्यापाऱ्यानं पैसे थकवणं हे सगळं राज्याच्या पणन विभागाचं, म्हणून विधानसभेचं.

चुकीच्या खात्याकडे गेलेला प्रश्न एक तर दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो आणि त्याचा दिवसच बदलतो, किंवा ‘सदर बाब राज्य शासनाच्या अखत्यारीतील आहे’ असं उत्तर घेऊन परत येतो. दोन्हींत अधिवेशन हातचं जातं. कांद्यावर लोकसभेत विचारायचं असेल तर चार खात्यांचे चार वेगळे प्रश्न करावेत. एकाच प्रश्नात निर्यात, बफर, भाव आणि नुकसानभरपाई कोंबली की कुठलंच खातं नीट उत्तर देत नाही.

लोकसभेचं वेळापत्रक असं चालतं. राष्ट्रपतींकडून अधिवेशन बोलावल्याची सूचना निघाली की सचिवालयाचं पत्रक येतं. कुठल्या तारखेला कुठली मंत्रालयं उत्तर देणार आणि त्या तारखेसाठी सूचना कधीपर्यंत द्यायची, हे त्यात असतं. मंत्रालयांचे पाच गट असतात, सोमवार ते शुक्रवार एकेक. सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. एका बैठकीसाठी एका खासदाराला पाचच सूचना देता येतात, आणि तोंडी उत्तरासाठीचा म्हणजे तारांकित प्रश्न एकाच्या नावावर दिवसाला एकच लागतो. एका दिवसाच्या यादीत तारांकित २० आणि अतारांकित २३०. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६० आहेत, आणि तिथला प्रश्नोत्तराचा तास सकाळी अकराऐवजी दुपारी बाराला सुरू होतो. कोणाचा प्रश्न वर लागणार ते सोडत ठरवते. त्यात ओळख चालत नाही, ज्येष्ठताही नाही. सोडतीत तारांकितमधून मागे पडलेला प्रश्न अतारांकितच्या यादीत जाऊ शकतो.

त्या २० पैकी तासाभरात तोंडी होतात ते जेमतेम पाच-सहा. उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. म्हणून ‘तारांकितच लावा’ हा आग्रह मला पटत नाही. तालुकानिहाय आकडे, संस्थांच्या याद्या, थकबाकीचे तक्ते हवे असतील तर अतारांकित प्रश्न बरा. त्याला परिशिष्ट जोडून येतं आणि ते कायमचं नोंदीवर राहतं. मंत्र्याला समोर उभं करून विचारण्यासारखा उपप्रश्न तयार असेल, तेव्हाच तारांकितची ती एक जागा खर्च करावी.

मसुद्याला नियमांच्या चाळणीतून जावं लागतं. साधारण १५० शब्दांची मर्यादा. तर्क, उपरोध, विशेषणं, बदनामीकारक मजकूर चालत नाही. मत विचारायचं नाही, ‘असं झालं तर काय कराल’ असं विचारायचं नाही. न्यायप्रविष्ट बाब नको, संसदीय समितीपुढे असलेली बाब नको, वर्तमानपत्राचं नाव नको, आधी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा नको, आणि सहज मिळणाऱ्या प्रकाशनांत छापलेली माहितीही विचारायची नाही. शेवटचे दोन नियम लोकांना माहीतच नसतात. त्यामुळे पाठवण्याआधी संसदेच्या संकेतस्थळावर त्या विषयाची जुनी उत्तरं शोधणं भागच आहे. सदस्याचं नाव, मंत्रालय, तारीख यांवरून शोधता येतं. जुनं उत्तर सापडलं तर ते अडचण न मानता पायरी करावं: ‘दिनांक अमुकच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात दिलेल्या माहितीनंतर आजतागायत...’ अशी सुरुवात केली की तो नवा प्रश्न होतो. मसुदा मराठीत पक्का करा, पण दिल्लीला पाठवताना हिंदी किंवा इंग्रजी प्रत सोबत द्या. खासदारांच्या कार्यालयात ऐनवेळी घाईनं भाषांतर झालं की ‘केवळ’सारखे शब्द गळून पडतात.

आकडा मागताना तो कुठल्या रजिस्टरमध्ये असेल याचा विचार आधी हवा. नाशिककरांना याचं सगळ्यात कडू उदाहरण ठाऊक आहे. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं. तीन महिन्यांनी, २० जुलैला, ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल राज्यसभेत विचारलं गेलं. लेखी उत्तराचा आशय असा होता: मृत्यूंची नोंद कशी करायची याच्या सविस्तर सूचना राज्यांना दिलेल्या आहेत, राज्यं नियमित माहिती पाठवतात, परंतु ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्पष्टपणे कळवलेलं नाही. उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री डॉ. भारती पवार तेव्हा दिंडोरीच्या खासदार होत्या.

देशभर संताप झाला, आणि तो योग्यच होता. पण ते उत्तर कसं बांधलंय ते पाहा. माणसं मेली की नाही हे ते सांगतच नाही. राज्यांनी काय कळवलं, एवढंच सांगतं. आरोग्य हा राज्याचा विषय, आणि केंद्राकडे राज्यांनी भरलेले रकाने तेवढे असतात. अशा ठिकाणी ‘किती मृत्यू झाले’ याच्या अलीकडे दोन प्रश्न हवे होते: राज्यांना दिलेल्या नमुन्यात ऑक्सिजनअभावी मृत्यू असा स्वतंत्र रकाना होता काय? आणि नसल्यास, अशी माहिती राज्यांकडून स्वतंत्रपणे मागवली काय, कोणत्या दिनांकास? याच जातीचं आणखी एक उत्तर सप्टेंबर २०२० मधलं. टाळेबंदीत मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवली जात नाही, असं कामगार मंत्रालयानं लोकसभेत सांगितलं. माहितीच ठेवली जात नाही, ही कबुली खरं तर मोठी असते. ती मिळाल्यावर पुढचा प्रश्न ‘का ठेवली जात नाही’ हा असायला हवा, आणि तो त्याच अधिवेशनात पडायला हवा.

उत्तर तयार होतं ते खालून वर. विधानसभेचा प्रश्न मंत्रालयातल्या कार्यासनाकडून नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे किंवा थेट जिल्हाधिकारी, जिल्हा उपनिबंधक, कृषी अधीक्षक यांच्याकडे येतो. तिथून तालुक्याला. कार्यालयात याला ‘एलएक्यू’ म्हणतात आणि त्यावर ‘तात्काळ, विधिमंडळ कामकाज’ असा शेरा असतो. तालुक्याच्या हातात अनेकदा एखादाच दिवस उरतो. माहिती जुळवायला वेळ नसला की ‘निरंक’ लिहून पाठवलं जातं. पंधरा तालुक्यांपैकी चारांनी ‘निरंक’ पाठवलं, तर जिल्ह्याची बेरीज तेवढ्यानं खोटी पडते, आणि सभागृहात मंत्री वाचतात ती हीच बेरीज. म्हणून प्रश्नात तालुकानिहाय आकडा मागायचाच. बेरजेत लपलेलं ‘निरंक’ तक्त्यात लगेच दिसतं, आणि गावातला माणूस ते पुराव्यासह खोडू शकतो.

तोंडी उत्तराच्या वेळी प्रश्नकर्ता उठून प्रश्नाचा क्रमांक सांगतो, मंत्री ‘उत्तर पटलावर ठेवले आहे’ म्हणतात, आणि खरी लढत उपप्रश्नांवर सुरू होते. लोकसभेत प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात, त्यानंतर अध्यक्ष इतरांना बोलू देतात. मंत्र्यांच्या हातात अधिकाऱ्यांनी केलेली संभाव्य उपप्रश्नांची जाडजूड टिप्पणी असते. दोन मिनिटांचं भाषण करून शेवटी तीन गोष्टी विचारणाऱ्या सदस्याला त्यातल्या सोयीच्या एकाचंच उत्तर मिळतं. उपप्रश्न एका वाक्याचा असावा, लेखी उत्तरातल्याच आकड्यावर बोट ठेवणारा असावा: ‘परिशिष्टात निफाडसमोर शून्य आहे. तहसीलदारांच्या अमुक तारखेच्या पत्रात वेगळी संख्या आहे. खरी कोणती?’ सोबत पत्राची प्रत हवीच. विधानसभेत उत्तर अगदीच असमाधानकारक असेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, आणि मंत्र्याला पुन्हा तयारी करून यावं लागतं. अशा एका उपप्रश्नानं ते घडू शकतं. घोषणांनी तास बंद पडला तर सुटका मंत्र्याची होते, कारण मग सगळीच उत्तरं लेखी ठरतात आणि उपप्रश्न उरत नाही.

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडांच्या कंपन्यांमध्ये घातलेल्या पैशाचं प्रकरण लोकसभेत असंच प्रश्नोत्तरांतून वर आलं. फिरोज गांधींनी ते लावून धरलं, न्या. छागला यांची चौकशी बसली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. आपला आमदार सत्तेत आहे म्हणून तो प्रश्न विचारणार नाही, असं धरून बसू नये. आमदार मंत्री झाला असेल तर मात्र तो विचारत नाही. अशा मतदारसंघातल्या लोकांनी शेजारचा आमदार गाठावा किंवा विधान परिषदेचा दरवाजा ठोठवावा. नाशिक विभागाचे पदवीधर आणि शिक्षक असे दोन आमदार परिषदेत असतात, आणि त्यांचा मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा असल्यानं विभागभराचा प्रश्न त्यांच्या नावानं शोभतो. खासदारांच्या बाबतीत लक्षात ठेवा: मालेगाव आणि बागलाण धुळे लोकसभा मतदारसंघात आहेत. मालेगावच्या यंत्रमागाचा प्रश्न नाशिकच्या खासदारांकडे नेला तरी नियमाची आडकाठी नाही, पण पाठपुरावा धुळ्याचेच खासदार करतील.

फेसबुकवर फिरणाऱ्या चित्रफितींमुळे एक गैरसमज पसरलाय. खासदार जोरात बोलताना दिसतात तो पुष्कळदा शून्य प्रहर असतो. विषय नोंदवला जातो, पण तिथल्या तिथे उत्तर देण्याचं बंधन मंत्र्यावर नसतं. ‘साहेबांनी संसदेत प्रश्न मांडला’ असं ऐकलं की प्रश्नाचा क्रमांक विचारा. क्रमांक असेल तर उत्तरही असतं. तातडीच्या बाबीला राज्यात लक्षवेधी सूचना जास्त उपयोगी. तिला मंत्र्याचं निवेदन मिळतं आणि त्यावर प्रश्न विचारता येतात.

मसुदा आणि कागदपत्रं कुणीही नागरिक देऊ शकतो, पण सूचना सदस्यानंच द्यायची, स्वतःच्या लॉगिननं. प्रश्नाच्या बदल्यात काहीही देणं-घेणं हा गंभीर अपराध आहे. प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १ अशा ११ सदस्यांची हकालपट्टी झाली होती.

उत्तर आल्यावर त्यातली क्रियापदं तपासा. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’, ‘तपासून पाहू’ असं काही मंत्री म्हणाले, तर ते आश्वासन म्हणून नोंदवलं जाऊ शकतं. लोकसभेत आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. नाही झालं तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, आणि शासकीय आश्वासन समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते. विधिमंडळातही अशी समिती आहे. उत्तर अर्धवट वाटलं तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. लोकसभेत तिची सूचना तीन दिवस आधी लागते, आणि कुठला मुद्दा खुलासा मागतोय हे टिप्पणीत लिहावं लागतं.

यासाठी गावपातळीवर एक साधी वही पुरते: प्रश्नाचा क्रमांक, तारीख, मंत्री काय म्हणाले ते शब्दशः, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख. ती तारीख उलटली की त्याच सदस्याकडे दोन ओळींचं पत्र द्या: अमुक क्रमांकाच्या उत्तरातलं आश्वासन पुरं झालेलं नाही, समितीला कळवावं. पुढच्या अधिवेशनाचा मसुदा करताना तोच प्रश्न, तेच रकाने ठेवा आणि फक्त कालावधी पुढचा घ्या. रकाने बदलले तर गेल्या वर्षीच्या तक्त्याशी तुलना करता येत नाही.